क्षारपड रानातला सेंद्रिय कर्ब: रिपोर्टातला आणि मातीतला

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात आमच्या रानाचे दोन तुकडे आहेत. वरच्या अंगाचं रान चांगलं, खोडवासुद्धा जोमात येतो. खाली ओढ्याकडं मात्र उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरं फुटतं, पावसाळ्यात चिखल हटत नाही आणि उसाची उगवण तुटक होते. दोन्हीकडची माती तपासून घेतली. सामू (पीएच) आणि क्षार खालच्या तुकड्यात जास्त आले, ते अपेक्षितच होतं. पण सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन, दोन्हीकडं ०.६ टक्क्यांच्या आसपास!

गावात विचारलं तर दोन सल्ले मिळाले. एक म्हणाला, कर्ब मध्यम आहे म्हणजे रान चांगलं आहे, बेणं बदल. दुसरा म्हणाला, कर्ब वाढव, क्षार आपोआप मरतील, ट्रॉल्या ओत. मला दोन्ही पटेनात, म्हणून वाचायला बसलो. जे उमगलं ते मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

मातीतला कर्ब हा जमाखर्च आहे. मुळं, पाचट, शेणखत, धसकटं ही जमा. जिवाणू आणि बुरशी ते खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात तो खर्च. क्षार वाढले की दोन्ही बाजूंना मार बसतो. पीक खुरटतं म्हणून मुळं आणि पाचट कमी, म्हणजे जमा घटली. जिवाणूंनाही खारट पाण्यात जगणं अवघड, म्हणून कुजणं मंदावलं, म्हणजे खर्चही घटला. पाणथळ असेल तर हवेअभावी कुजणं आणखी थंडावतं. अशा वेळी शिल्लक आकडा चांगल्या रानाइतका दिसू शकतो, पण व्यवहार थांबलेला असतो. चांगल्या रानातला ०.६ रोज फिरतो, त्यातून पिकाला नत्र, स्फुरद, गंधक मिळतं. खालच्या तुकड्यातला ०.६ नुसता पडून आहे.

उसाचं सांगायचं तर हे पीक क्षारांना फार हळवं आहे. संपृक्त अर्कातली (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यातली) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, मीटरला १.७ डेसिसायमनच्या पुढं गेली की पुढच्या प्रत्येक डेसिसायमनला उत्पन्न साधारण ६ टक्क्यांनी घटतं, असं प्रमाण मानलं जातं. म्हणजे वाहकता ६ असेल तर पाव उत्पन्न गेलं, आणि त्याबरोबर मुळं आणि पाचटही. गव्हाची हीच मर्यादा ६ आहे आणि कापसाची ७.७. आपण मात्र यातलं सगळ्यात हळवं पीक सगळ्यात खराब रानात घेत राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: क्षारपड रानात कर्बाचा प्रश्न खताच्या ढिगानं सुटत नाही, आधी पाणी आणि मीठ बाहेर जायला वाट पाहिजे. पण वाट करून दिल्यावर जुन्या कर्बाचं काय होतं, यावर मला नीट वाचायला मिळालं नाही. कुणी सांगेल का?

आडसाली

बरं केलंस हे काढलंस. माझं वय झालंय, शास्त्र मला कळत नाही, पण रान कसं बिघडत गेलं ते डोळ्यांनी बघितलंय. आमच्या बारकेपणी हितं शाळू, भुईमूग, मिरची असायची. ऊस असायचा पण विहिरीच्या पाण्यापुरता. पुढं नदीवर बंधारं झालं, पाणीपुरवठा संस्था निघाल्या, बारमाही पाणी आलं आणि घराघरात ऊस झाला. त्यानं पोरं शिकली, घरं झाली, ते नाकारून चालायचं नाही. पण पाणी आत येतंय तेवढं बाहेर जायला पाहिजे, हे कुणी बघितलंच नाही. उलट जुनं नाले आणि चर नांगरून रानात घेतले. दोन-चार सऱ्या वाढल्या, आणि खालच्या शेजाऱ्याच्या रानात पाणी साठायला लागलं. पांढरं आधी ओढ्याच्या कडेला दिसलं, मग हळूहळू वर सरकलं. ज्याला पाळी असेल तो रात्रभर पाणी सोडून झोपतो, अजूनही. पाणी म्हणजे खत न्हवं, हे कुणी तरी पोरांना सांगा.

तपासनीस

मी माती तपासणीच्या कामात आहे, म्हणून आकड्यांबद्दल बोलतो. कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण ०.६ वाचताना तीन गोष्टी बघा.

पहिली, कर्ब मोजतात कसा. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत चालते, ती १९३४ ची. मातीत डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालतात, किती डायक्रोमेट खर्च झालं यावरून कर्ब काढतात. आता मिठातला क्लोराइडसुद्धा डायक्रोमेट खर्च करतो. त्यामुळं क्षारपड मातीत कर्ब खोटा वाढून दिसतो. दुरुस्ती सोपी आहे: मातीतल्या क्लोराइडच्या टक्केवारीला १२ नं भागा आणि तेवढं वजा करा. किंवा आम्लात सिल्व्हर सल्फेट घातलं की हा त्रास टळतो.

पण याचा बाऊ करू नका. मध्यम क्षारपड मातीत क्लोराइड ०.१५ टक्के असेल तर वजाबाकी जेमतेम ०.०१. फार खराब रानात ०.५ टक्के क्लोराइड धरलं तरी ०.०४. खरी गडबड होते ती कुणी पांढरा पापुद्रा खरवडून नमुन्यात घातला तर. त्यात क्लोराइड काही टक्के असू शकतं, आणि ३ टक्के असेल तर कर्ब ०.२५ नं फुगला. शिवाय पाणथळ ओली माती तशीच तपासली तर त्यातलं फेरस लोहसुद्धा डायक्रोमेट खातं. नमुना सावलीत नीट वाळवून घेतला की ते बरंचसं निवळतं.

दुसरी गोष्ट चुनखडीची. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. त्यातही कार्बन आहे, पण तो सेंद्रिय नव्हे. काही ठिकाणी माती भट्टीत जाळून एकूण कार्बन देतात. तो आकडा सेंद्रिय म्हणून वाचला तर रान एकदम श्रीमंत दिसतं. रिपोर्टवर पद्धत कुठली लिहिली आहे ते विचारा.

तिसरी, वाहकतेचा आकडा. साध्या रिपोर्टात एका भागाला अडीच भाग पाणी घालून मोजलेली वाहकता असते. वर तुम्ही दिलेल्या १.७ किंवा ६ या मर्यादा संपृक्त अर्काच्या आहेत. चिकण मातीचा संपृक्त लगदा व्हायला वजनाच्या साधारण पाऊणपट पाणी लागतं. म्हणजे रिपोर्टातला आकडा तिप्पट-सव्वातीनपट पातळ झालेला असतो. रिपोर्टात १.५ बघून कुणी निश्चिंत राहतो, तिकडं मुळांना जवळपास ५ चा मारा बसत असतो. हे दर आठवड्याला बघतो आणि जीव तुटतो.

कृष्णाकाठ

तपासनीस सर, खूप आभार. रिपोर्टवर अडीच भागाचाच अर्क लिहिलाय, वाहकता १.८. म्हणजे खरा मारा ६ च्या घरात. सामू ८.७ आहे. नमुना मी वरचा पापुद्रा काढून घेतला होता, त्यामुळं कर्बाचा आकडा फार फुगलेला नसावा असं धरतो.

जिवाणूवाली

मी मृदा सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, माहेर कुरुंदवाडकडचं. तुमचा ‘पडून असलेला कर्ब’ हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

खारट पाण्यात जिवाणूच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते टिकवायला जिवाणू पेशीत प्रोलिन, ग्लायसिन बिटेन असली संयुगं साठवतो. ती तयार करायला ऊर्जा लागते. म्हणजे खाल्लेल्या कर्बातला मोठा वाटा नुसतं जगण्यावर जातो आणि नवी पेशी बनायला थोडाच उरतो. मोजणीत हे असं दिसतं: एकूण श्वसन कमी, जिवाणूंचं वजन त्याहून कमी, आणि प्रत्येक ग्रॅम जिवाणूमागं सोडलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. हे वाईट का? कारण मातीत दीर्घकाळ टिकणाऱ्या कर्बाचा मोठा भाग मेलेल्या जिवाणूंच्या अवशेषांतूनच येतो, तो मातीच्या कणांना चिकटून बसतो. जिवाणूच वाढले नाहीत तर टिकाऊ कर्ब बनणार कशातून?

आता सगळं क्षारपड रान सारखं नसतं, आणि इथंच बरेच सल्ले फसतात. रानात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे विद्राव्य क्षार जास्त आणि सामू ८.५ च्या खाली असेल तर माती वरून भुसभुशीत दिसते. कण एकत्र राहतात, त्यांच्या आत अडकलेला कर्बही सुरक्षित राहतो. पीक मात्र तहानेनं मरतं. दुसऱ्या प्रकारात, चोपण रानात, सोडियम मातीच्या कणांवर बसलेला असतो. हा कणांवरचा, म्हणजे विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की चोपण म्हणायची रीत आहे, पण आपल्या भारी काळ्या मातीत त्याच्या बऱ्याच खालीच त्रास सुरू होतो. तिथं कण सुटे होतात, भोकं बुजतात, पाणी मुरत नाही. कर्बाला धरून ठेवणारा जो कॅल्शियमचा दुवा असतो, एका बाजूला चिकण कण आणि दुसऱ्या बाजूला ह्युमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ), तो सोडियममुळं तुटतो. वर सामू चढलेला, त्यामुळं ह्युमस चक्क पाण्यात विरघळतो. सरीत साठलेलं पाणी काळपट तपकिरी दिसतं आणि ते आटलं की जमिनीवर काळसर थर राहतो, तो हाच कर्ब. पाऊस झाला की वाहून ओढ्याला.

तुमचा सामू ८.७ आणि वाहकता ६, म्हणजे दोन्हींचं मिश्रण असण्याची शक्यता मोठी आहे. विनिमयक्षम सोडियम तपासून घ्या, तो आकडा आल्याशिवाय काही ठरवू नका.

तुमचा प्रश्न होता वाट करून दिल्यावर काय होतं. निचरा सुरू झाला, हवा शिरली, क्षार उतरले की जिवाणू जागे होतात. इतके दिवस न कुजलेलं ते कुजवायला लागतात. ओलं-कोरडं असं चक्र सुरू झालं की कुजण्याला आणखी वेग येतो. त्या काळात नवीन सेंद्रिय पदार्थ पडला नाही तर कर्बाचा आकडा आधी खाली येऊ शकतो. ते बघून घाबरायचं नाही, पण गाफीलही राहायचं नाही. निचरा झाल्यानंतरचे पहिले हंगाम हीच रानाला भरपूर खाऊ घालायची वेळ.

देशी_शेण

सगळं मान्य, पण तुम्ही फार गुंतागुंत करताय. देशी गाईचं शेण, गोमूत्र, जीवामृत सोडत राहा. जिवाणू वाढले की ते क्षार खाऊन टाकतात. जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) आणि निचऱ्याचे पाईप हे सगळं खर्चाचं काम आहे, शेतकऱ्याला कर्जात घालणारं.

जिवाणूवाली

दादा, खर्चाची तुमची काळजी खरी आहे. पण सोडियम हे मूलद्रव्य आहे. जिवाणू ते खाऊन संपवू शकत नाहीत. पेशीत घेतलं तरी पेशी मेली की परत मातीत. रानातून सोडियम जायचा मार्ग पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर, आणि थोडासा पिकाच्या कापणीतून, बस्स.

उलटा हिशोब मांडून बघा. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी धरू. पाणी गोडं आहे, लिटरला २५० मिलिग्रॅमच क्षार आहेत असं समजा. तरी वर्षाला हेक्टरी ५ टन क्षार आपणच रानात आणून ओततो. बोअरचं पाणी असेल तर याच्या कितीतरी पट. निचरा असेल तर पावसाळा हे धुऊन नेतो. नसेल तर ते तिथंच.

सेंद्रिय पदार्थाचा क्षारांवर उपयोग होतोच, पण आडवळणानं. कुजताना कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं निघतात, त्यांनी चुनखडी थोडी विरघळते, कॅल्शियम मोकळा होतो आणि सोडियमला कणावरून हटवतो. पण हटलेल्या सोडियमला जायला वाट नसेल तर पाणी आटल्यावर तो परत तिथंच.

खोडवा

मी कर्बाच्या प्रमाणाबद्दल लिहितो, कारण लोक एका वर्षात ०.४ चा ०.८ करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देतात.

एकरात वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये साधारण ८ लाख किलो माती असते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो शुद्ध कार्बन मातीत टिकवायचा. एकरी ३ टन वाळलं पाचट धरलं तर त्यात सव्वा टनाच्या आसपास कार्बन. त्यातला बहुतेक कुजून हवेत जातो, काही वर्षांनी १० ते २० टक्के मातीत उरतो असं धरा. म्हणजे सव्वाशे ते अडीचशे किलो. याचा अर्थ पाचट न जाळता दर वर्षी जागेवर ठेवलं तरी ०.१ वाढायला चार-सहा वर्षं सहज लागतात, आणि जुना कर्ब कुजत असतो तो वेगळाच. नमुन्या-नमुन्यातला फरकच ०.०५ पर्यंत जातो. म्हणून एका वर्षाच्या रिपोर्टावरून कर्ब वाढला किंवा घटला असं म्हणू नये.

तरीही पाचट जाळणं हा मला गुन्हाच वाटतो, आणि क्षारपड रानात तर दुप्पट. पाचटाचं आच्छादन असलं की जमिनीतून बाष्पीभवन कमी होतं. खालचं खारं पाणी वर चढून वरंब्यावर मीठ सोडतं ते त्या बाष्पीभवनामुळंच. एकाच पाचटानं कर्बही मिळतो आणि पांढरं फुटणंही कमी होतं. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू ही शिफारस आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. फक्त सामू जास्त असलेल्या रानात युरिया पाचटावर उघडा टाकला तर त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. टाकल्यावर लगेच पाणी द्या, किंवा नत्राच्या हिशोबानं अमोनियम सल्फेट वापरा.

मळीबद्दल: कारखान्याची प्रेसमड चांगली आहे, सल्फिटेशनवाल्या (गंधकाच्या धुरानं रस साफ करणाऱ्या) कारखान्याची असेल तर चोपण रानाला आणखी बरी. मात्र कोंबडीखत किंवा स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) जिरवून केलेलं कंपोस्ट आणताना त्याची वाहकता आधी बघा. आधीच खारट रानात खारट खत ओतून काय साधणार?

माळावरची

मी हातकणंगले तालुक्यातली. आमचं खालचं शेत सासऱ्यांच्या काळापासून चोपण. सासूबाई त्या तुकड्यात पाय ठेवायला नको म्हणायच्या, इतका निसरडा. आम्ही चर काढून घेतले, मग जिप्सम, मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक), या क्रमानं गेलो आणि आता तिथं सोयाबीन आणि गहू निघतो. क्रम का महत्त्वाचा ते सांगते, कारण आमच्या शेजारी उलटं झालं.

शेजारच्या दादांनी चर काढले, नदीचं गोडं पाणी भरभरून सोडलं, पण जिप्सम टाकलं नाही. विद्राव्य क्षार धुऊन गेले, रिपोर्टात वाहकता उतरली, सगळे खूश. पण कणावरचा सोडियम तसाच राहिला. क्षार होते तोवर निदान कण गोळा राहत होते, ते गेल्यावर माती पार मिटली. पाणी वरच तरंगायला लागलं आणि वाळल्यावर ढेकळं फुटेनात. कॅल्शियम आधी, धुणं नंतर.

जिप्सम अंदाजानं टाकू नका. तपासणीत जिप्समची गरज निघते, साधारण त्याच्या निम्मं पहिल्यांदा द्यायला सांगतात. ते पाण्यात फार हळू विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, म्हणून बारीक दळलेलं घ्या आणि शेणखताबरोबर वरच्या थरात मिसळा. चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुनखडीतून जिप्सम करतं. एक किलो गंधक म्हणजे साधारण साडेपाच किलो जिप्समचं काम, पण त्याला वेळ आणि ओलावा लागतो.

धैंचा तागापेक्षा क्षार जास्त सोसतो. फुलायच्या आधी गाडला की लवकर कुजतो. आमच्या त्या तुकड्यात आता गांडुळं दिसतात, ते बघून मला कुठल्याही रिपोर्टापेक्षा जास्त आनंद होतो.

निचरा

मी पाईप निचऱ्याची कामं करतो. शिरोळमध्ये श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं सच्छिद्र पाईपची मोठी कामं झाली आहेत. कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं केंद्र याच जमिनींवर काम करतं, वेळ काढून जाऊन या. ज्यांना हरियाणाकडचा अनुभव वाचायचा असेल त्यांनी कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं साहित्य बघावं, ती १९६९ पासून याच कामाला लागलेली आहे.

आपल्या काळ्या रानात बाजूच्या सच्छिद्र नळ्या साधारण एक ते सव्वा मीटर खोल आणि २० ते ३० मीटर अंतरानं टाकतात, वर गाळणीचं कापड. त्या एका मोठ्या नळीला मिळतात, आणि ती ओढ्यात सुटते. अंतर आणि खोली रानात भोक पाडून, पाणी मुरण्याचा वेग मोजून ठरवायची. शेजाऱ्यानं २५ मीटरवर टाकली म्हणून आपणही टाकायची नाही. पैसे कमी असतील तर मोल नांगरानं जमिनीत पोकळ नळी पाडतात, चिकण मातीत ती काही वर्षं टिकते. पण सोडियम जास्त असलेल्या मातीत ती लवकर ढासळते, हे लक्षात घ्या.

खरी अडचण नळीची नाही, शेवटाची आहे. पाणी सोडायला ओढा पाहिजे आणि तिथपर्यंत जायला खालच्या शेतकऱ्याचं रान लागतं. एकट्यानं केलं तर तुमचं मीठ त्याच्या बांधाला. सगळ्या पट्ट्यानं मिळून केलं तर मुख्य नळीचा खर्च वाटून जातो आणि ओढा मोकळा करायलाही माणसं मिळतात. आडसाली आण्णा म्हणतात ते जुने नाले आधी शोधा, गाव नकाशावर सापडतील.

कर्बाशी याचा संबंध असा. पाण्याची पातळी दोन फुटांवर असेल तर उसाची मुळं तिथंच थांबतात. ती खाली उतरली की मुळं मीटरभर जातात. खताच्या ट्रॉलीतला कर्ब वरच्या चार-सहा इंचांत राहतो, खोल कर्ब मुख्यतः मुळंच नेतात. शिवाय मुळांचा कर्ब पाला-पाचटाच्या कर्बापेक्षा जास्त टिकतो. म्हणून मी निचऱ्याला कर्बाचंच काम समजतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता डोक्यात क्रम बसला: विनिमयक्षम सोडियम आणि जिप्समची गरज तपासायची, खालच्या दोन्ही शेतकऱ्यांशी बोलून नळीचा शेवट ठरवायचा, मग जिप्सम, पावसाळ्यात धैंचा. ऊस त्या तुकड्यातून काढून रब्बीला गहू घ्यायचा. पाचट वरच्या रानातलं इकडं आणलं तर चालेल का? आणि ‘निचरा’ दादा, आमच्या ओढ्याला पुराचं पाणी उलटं येतं. २०१९ आणि २०२१ ला तर रान पाण्याखाली होतं. नळीतून ते आत शिरेल का?

निचरा

शिरेल. तोंडाला एकतर्फी झडप बसवा, पूर आला की ती मिटते आणि ओसरला की उघडते. शेवटचं तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाणीपातळीच्या वर ठेवा. तेवढा उतार मिळत नसेल तर कोपऱ्यात हौद करून मोटरनं पाणी उपसावं लागेल, वीज धरून हिशोब करा. पूर ओसरल्यावर चेंबरमधला गाळ काढायचा. आणि नळीतून येणारं पाणी विहिरीत सोडू नका, त्यात क्षारांबरोबर नायट्रेटही असतं.

खोडवा

वरच्या रानातलं पाचट हलवू नका. तिथला कर्ब फिरता आहे, तो काढून इकडं टाकला तर चांगलं रान उपाशी पडेल. खालच्या तुकड्याला शेजारी जे पाचट पेटवणार आहेत ते मागून आणा. आमच्याकडं लोक हसत देतात, कारण त्यांचं काम वाचतं.

तपासनीस

पुढच्या तपासणीसाठी एक सुचवतो. नमुने दर वर्षी एकाच हंगामात, मे महिन्यात पाऊस पडायच्या आधी घ्या. उन्हाळ्यात क्षार वर आलेले असतात आणि पावसाळ्यानंतर खाली गेलेले, दोन्हींची तुलना होत नाही. ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे पिशवीत भरा. वरच्या थराचा कर्ब पहिल्या एक-दोन वर्षांत उतरला तरी चालेल. १५ ते ३० च्या थरात सोडियम घटतोय का आणि तिथं ताजी पांढरी मुळं सापडतात का, हे आधी बघा. कर्बाचा रिपोर्ट तीन वर्षांनी काढला तरी पुरे, तोवर तो पैसा जिप्समला लावा.